मते विचारल्याबद्दल आभार, साहेब

राजमान्य राजेश्री विकासकसाहेब यांसी,

लालबागच्या एका जुन्या चाळीतील दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या कचेरीतल्या दोन मुली आणि एक मुलगा मागच्या रविवारी आमच्या चाळीत येऊन गेली. फार गोड मुले. प्रत्येक दाराशी चपला काढून आत आली, दिलेले पाणी प्यायली, म्हाताऱ्यांच्या पाया पडली आणि गुळगुळीत कागदाची एक प्रश्नावली हातात ठेवून गेली. 'आपल्या नव्या घराविषयी आपली मते' असे तिच्यावर छापले आहे. आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. आमच्या घराची तिसरी पिढी या खोलीत राहते आहे. या जागेचे पुढे काय व्हावे, हे आजवर ना मालकाने विचारले, ना महापालिकेने, ना मंत्रालयाने. तो मान आपण घेतलात.

प्रश्नही किती आपुलकीचे आहेत! योगासाठी गच्ची हवी की ध्यानासाठी बंदिस्त दालन? पोहण्याचा तलाव खाली असावा की वर? लॉबीतल्या दगडाचा रंग कोणता आवडेल? कुत्र्यामांजरांसाठी वेगळी बाग असावी का? कागद हातात घेऊन आमच्या शेजारच्या आजी बराच वेळ बसल्या होत्या. रात्री शौचालयाला जाताना अंधाऱ्या गॅलरीतून भिंत धरून जातात त्या. त्यांना दगडाच्या रंगाबद्दल मत द्यायचे होते, पण सुचेना.

त्या कागदात एकाही ओळीत किमतीचा उल्लेख नाही. घरात माणसे किती, कमावती किती, लग्न झालेला मुलगा रात्री कुठे झोपतो, कामाला कुठे जातो, हेही विचारलेले नाही. शेवटी 'अन्य सूचना' म्हणून दोन ओळींची जागा सोडली आहे, तिच्याबद्दल वेगळे आभार. मी सगळ्या मजल्यांवर फिरून लोकांना विचारले. ते सगळे त्या दोन ओळींत बसेना, म्हणून हे पत्र.

तर साहेब, ऐकावे ही नम्र विनंती.

तळमजल्यावर एक कंत्राटी बसचालक राहतो. पहाटेची पहिली गाडी काढायची असते, म्हणून साडेतीनला उठतो. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, बायको, दोन मुली आणि धाकटा भाऊ. भावाचे लग्न तीन वेळा ठरता ठरता राहिले. मुलगी बघायला गेले की पहिला प्रश्न असतो, स्वतःची जागा आहे का? बसचालकाने आपले मत एका वाक्यात सांगितले. "वहिनी, तलाव नको, एक दार हवं, जे लावून घेता येईल."

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी जवळच्या मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, चालत दहा मिनिटांवर. पाळी संपते तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. लग्नानंतर ती आणि नवरा बदलापूरला राहायला गेले, कारण लालबाग-परळमध्ये एका खोलीचे भाडे तिचा निम्मा पगार खात होते. दिवस भरले तेव्हा ती माहेरी परत आली, ती आता इथेच आहे. सासरचे लोक नाराज आहेत. रुग्णालयातल्या रोग्यांना मात्र ती वेळेवर मिळते, ही आपल्या-माझ्यासाठी चांगलीच गोष्ट आहे.

चौथ्या मजल्यावरचे काका शिवणकाम करतात. शेजारच्या नव्या मनोऱ्यातल्या बायका ब्लाउज त्यांच्याकडेच शिवायला टाकतात. त्यांची दोन्ही मुले नालासोपाऱ्याला गेली. गणपतीत मंडळाची पावती फाडायला, मूर्ती आणायला ती पहाटेच्या लोकलने येतात आणि विसर्जनानंतर प्लॅटफॉर्मवर पहिल्या गाडीची वाट पाहत बसतात. गल्लीतल्या मंडळाची निम्मी पोरे आता बाहेरगावची झाली आहेत. गल्ली त्यांचीच आहे, पत्ता तेवढा दुसरा आहे.

कुणी श्रीमंती मागितली नाही, साहेब. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकले. जिथे जन्मलो, जिथे काम आहे, जिथे म्हाताऱ्या आईला बघायचे आहे, तिथे पगारात बसेल असे घर. सगळ्या मजल्यांचे मत एवढेच आहे.

आपण त्या मुलांसोबत दरपत्रकही पाठवलेत, हा आपला मोठेपणा. विक्रीच्या घरांचा भाव चौरस फुटाला ४० हजारांपासून पुढे. केंद्र सरकारने वस्तू आणि सेवा करासाठी २०१९ पासून परवडणाऱ्या घराची मर्यादा ४५ लाख रुपये ठेवली आहे, हे आपणास माहीत असेलच. मी भागाकार करून पाहिला. आपल्या भावाने ४५ लाखांत सुमारे ११२ चौरस फूट येतात. आमची आजची खोली १२० चौरस फुटांची आहे. म्हणजे सरकारी व्याख्येतले घर आपल्याकडून घ्यायचे, तर आम्हाला या चाळीच्या खोलीपेक्षाही आकसावे लागेल, आणि तेसुद्धा वीस वर्षांच्या कर्जावर. आपण आम्हाला किती काटकसरी समजता, हे पाहून भरून आले.

या भागात कामकऱ्याने कामाजवळ राहावे, हा विचार काही आम्ही आज काढलेला नाही. १८९६ मध्ये प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसे पटापट मेली, तेव्हा गोऱ्या सरकारलाही जाग आली आणि १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्या काही प्रेमाने बांधल्या नव्हत्या. १६० चौरस फुटांची खोली, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. पण गिरणीचा भोंगा वाजल्यावर कामगार वेळेत खात्यात पोचला पाहिजे, तर तो जवळ राहिला पाहिजे, इतका हिशेब परक्यांनाही कळत होता. आपण आमच्यातलेच, आपल्याला तो न कळण्याचे काही कारण नाही.

आता गिरण्यांच्या जमिनीविषयी. इथे मला आपले विशेष आभार मानायचे आहेत, आपले आणि आपल्या मंत्रालयातल्या स्नेह्यांचे.

या गिरणगावात गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. त्यातली काही जमीन कापड बनवण्यासाठी म्हणून सवलतीत दिलेली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आले. त्याचा सोपा अर्थ आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. गिरणीची जमीन विकायची, तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला, मैदाने आणि बागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, घरांसाठी. उरलेला तिसरा हिस्सा मालकाचा. चाळीच्या पायऱ्यांवर बसून लोक हे बोटांवर मोजून दाखवत. घरांच्या वाट्याला दोनशे एकर. कुणी भीक घातलेली नव्हती, कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते.

मग २००१ मध्ये त्याच कलमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, गिरणीच्या इमारती पाडून जी मोकळी होईल तिची नाही, असे ठरले. गिरणी म्हटली की बहुतेक जमिनीवर खाती, गोदामे, चिमण्या उभ्या. मोकळे असायचे ते अंगण आणि वाट. त्या अंगणाची तीन भागांत वाटणी झाली आणि बाकी सगळे मालकाच्या पदरात पडले. एका शब्दाने दोनशे एकर कसे नाहीसे होतात, हे आम्ही तेव्हा शिकलो. मुंबईच्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयात धाव घेतली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे ऐकले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि २००१ची दुरुस्ती कायम राहिली. त्या दिवशी आपल्या धंद्यात पेढे वाटले गेले असतील. आमच्या चाळीत त्या संध्याकाळी रेडिओ बंद करून सगळे लवकर जेवले.

चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या जाणत्या वास्तुरचनाकाराच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये शासनानेच समिती नेमली होती. गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा, रस्ते, मैदाने, घरे यांची सलग आखणी करावी, असा तिचा मार्ग होता. तो अहवाल बाजूला राहिला आणि एकेक गिरणी सुटी सुटी विकली गेली. आज परळमधून चालताना एका काचेच्या इमारतीपासून दुसरीपर्यंत नीट पदपथ लागत नाही. आराखडा असता तर आपल्या नफ्यातला थोडा वाटा रस्त्याला द्यावा लागला असता, हेही आपण शहाणपणाने टाळलेत.

माझे वडील गिरणीच्या साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. घरात भांडी विकली गेली. आई खानावळ चालवायची, वीस-पंचवीस गिरणी कामगार आमच्या खोलीत दोन पंगतींत जेवायचे. संपात त्यांच्याकडे पैसे नव्हते, तरी तिने चूल बंद केली नाही. ती उधारी वहीत लिहिलेली आहे, अजून माझ्याकडे आहे, आणि ती कुणी बुडवली असे मला म्हणायचे नाही. देणारे गावी निघून गेले, काही तिथेच वारले.

१ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा असेल, त्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घर मिळेल, असे पुढे ठरले. तिकीट नंबर, हजेरीचा पास, ई.एस.आय.चे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा कागद. ज्यांची गिरणी जळाली, ज्यांच्या मॅनेजरने दप्तर कुठे टाकले ते त्यालाच ठाऊक नाही, त्यांनीही हे कागद आणायचे. आणि खानावळवाल्या बायकांनी कोणता कागद आणायचा? चाळीस वर्षे ज्यांनी या शहराच्या कापडधंद्याला दोन वेळचे जेवू घातले, त्यांना तिकीट नंबर नव्हता. त्या कुठल्याच यादीत नाहीत. याचा दोष मी एकट्या आपल्याला देणार नाही, यात शासनाचा वाटा आपल्यापेक्षा मोठा आहे. पण आपल्या प्रश्नावलीतही त्यांच्यासाठी रकाना नाही, एवढे नोंदवून ठेवते.

जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली. ६,९२५ घरे, प्रत्येकी २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख. त्यानंतर २०१६ मध्ये दोन, २०२० मध्ये एक. सगळी मिळून घरे झाली सोळा हजारांच्या आसपास. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात. म्हणजे दर अकरा अर्जांमागे एक घर. या भागात परवडणाऱ्या घरांची गरज आहे का, यावर आपल्याला रहिवाशांची मते हवी आहेत ना? ती मते पावणेदोन लाख अर्जांच्या रूपाने म्हाडाच्या कपाटात आहेत. त्यांवर सह्या आहेत, अंगठे आहेत, फोटो चिकटवलेले आहेत. त्यातल्या कितीतरी फोटोंना घरी आता हार घातलेला आहे.

उरलेल्यांचीही सोय झाली, हे कळवण्यास आनंद होतो. शेलू आणि वांगणी. बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर, इथून सत्तर किलोमीटरांहून अधिक. तिथे ८१ हजार घरे द्यायचे घाटले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातले कलम १७ असे होते, की जो कामगार हे घर नाकारेल त्याचा हक्कच संपेल. ज्याने परळमध्ये उभे आयुष्य काढले, त्या सत्तरीच्या माणसाला म्हणायचे की तिथे जा, नाहीतर काहीच नाही. ९ जुलै २०२५ ला हे म्हातारे काठ्या टेकत आझाद मैदानावर जमले, तेव्हा कुठे ते कलम काढून टाकण्याचे आश्वासन मिळाले. तिथली हवा चांगली आहे, असे आपल्या एका मुलीने मला सांगितले. बाळ खरेच बोलली. पण हवा खाऊन कुणी दोन तासांचा प्रवास करून पहाटे सहाच्या पाळीला पोचत नाही.

दूर राहणाऱ्यांनी रोज इथे कामाला यायचे, याची किंमत या भागाने मोजलेली आहे. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. पूल गिरण्यांच्या काळातला अरुंद, आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत येणारी गर्दी आजची. त्यातले कितीतरी लोक कामाला निघाले होते. जमिनीवर कचेऱ्या उभ्या करताना तिथे काम करणाऱ्यांनी राहायचे कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता. इथे मला गोड बोलता येत नाही, क्षमा असावी.

आपल्या आराखड्यात आमच्यासाठी इमारत आहे, तीही पाहिली. पुनर्वसनाची इमारत मागच्या बाजूला, विक्रीचा मनोरा समुद्राकडे. मधोमध वाहनतळाची सात मजली पेटी. आमच्या खिडक्या त्या पेटीच्या भिंतीकडे उघडतात. आमचे दार मागच्या गल्लीत, आपले दार रस्त्यावर. मोटारींना आमच्याहून जास्त हवा मिळेल, असे नकाशावरून तरी दिसते. किमान ३०० चौरस फूट कारपेट देण्याचा नियम आहे, तेवढे आपण देता, त्याहून इंचभर जास्त नाही. नियम पाळणारा माणूस, म्हणून आपला आदरच वाटतो.

देखभाल खर्चाविषयी प्रश्नावलीत काहीच नाही. आज आम्ही महिन्याला काही शे रुपये भाडे देतो. चार लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, दिवसरात्र उजळलेली लॉबी, यांचा भार हजारांत जातो. आसपासच्या इमारतींत काय झाले, ते डोळ्यांनी पाहिले आहे. पहिली दोन-तीन वर्षे नवे घर म्हणून आनंद. मग थकबाकी, मग नोटीस, मग कुणीतरी दलाल जिन्यात भेटतो, आणि कुटुंब घर विकून विरारच्या पुढे जाते. कागदावर त्यांचे पुनर्वसन झालेले असते.

मधल्या काळातल्या भाड्याचे तर आपण तोंडी वचन दिलेत. तोंडी वचनावर आमचा पूर्ण विश्वास असता. पण गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनीही २००८च्या सुमारास विश्वास ठेवूनच खोल्या रिकाम्या केल्या होत्या. भाडे थांबले, काम थांबले, विक्रीचे हक्क मात्र पुढे विकले गेले. शेवटी म्हाडाला हातात घ्यावे लागले, आणि घराच्या किल्ल्या मिळेपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ गेला. त्या काळात घराबाहेर पडलेल्या मुलांची शाळा संपली, कॉलेज संपले. काही म्हातारी माणसे भाड्याच्या जागेतून थेट स्मशानात गेली. आपण तसे नाही, असे आपली मुले म्हणाली. तिथेही कुणीतरी असेच म्हणाले असेल.

घरांचा तुटवडा आहे, जागा नाही, म्हणून भाव चढतात, असे आपण नेहमी सांगता. २०११च्या जनगणनेत मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरे रिकामी सापडली होती. आमच्या गॅलरीतून समोरचे तीन मनोरे दिसतात. रात्री आठला, जेवणाच्या वेळेला, मजलेच्या मजले काळे असतात. तिथे पैसा राहतो, माणसे नाहीत. इकडे एका खोलीत सात जण पाळ्या लावून झोपतात. तुटवडा घरांचा नाही, साहेब, आमच्या पगाराला बसेल अशा घरांचा आहे, आणि तशी घरे बांधण्यात आपल्याला कधीच रस नव्हता.

जमीन महाग, अधिमूल्य भरावे लागते, परवानग्यांना वर्षे जातात, कर्जाचे व्याज चढते, हे आपले म्हणणे मी खोटे म्हणत नाही. महापालिका आणि शासन यांनी चटईक्षेत्र विकून तिजोरी भरायची सवय लावून घेतली आहे, आणि तो पैसा शेवटी घर घेणाऱ्याच्याच खिशातून जातो. शासनाने तो भार लहान घरांवरून काढावा, ही आमचीही मागणी आहे. पण जमीन महाग कुणी केली? जो तिसरा हिस्सा घरांसाठी होता, तो बाजारात आणून कुणी विकला? त्या महाग जमिनीची सबब सांगण्याचा अधिकार आपल्याकडे उरलेला नाही.

होत नाही, असेही नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच आवारात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. काम म्हाडाच्या देखरेखीखाली, जमीन सरकारची. खूप वर्षे गेली, भांडणे झाली, मोर्चे निघाले, पुढच्या देखभाल खर्चाचा प्रश्न तिथेही आहे. तरी माणसे वरळीतच राहिली. पोरांची शाळा बदलली नाही, म्हाताऱ्यांचा दवाखाना बदलला नाही. इथे घरे देणे अशक्य आहे, असे यापुढे आम्हाला कुणी सांगू नये.

तेव्हा आपल्या कृपेवर भार टाकून चाळीचे मत कळवते. पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीची इमारत यांना उजेड-वारा सारखा मिळेल अशी रचना हवी. विक्रीच्या घरांतला ठरावीक हिस्सा याच भागात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या कुटुंबांसाठी, त्यांच्या उत्पन्नाशी बांधलेल्या किमतीत किंवा भाड्याने, करारात लिहून हवा. त्यात कागद नसलेल्या खानावळवाल्यांच्या लेकीबाळी आल्या पाहिजेत. देखभाल खर्चासाठी पुरेसा निधी ताबा देण्याआधी बँकेत ठेवलेला हवा. मधल्या काळाचे भाडे आगाऊ आणि बँक हमीसह हवे. सगळे नोंदणीकृत करारात, मराठीत, चौरस फुटांचा आकडा कारपेटचा.

नियमाप्रमाणे आपल्याला ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. त्यासाठी सह्या गोळा करण्याचे काम त्या गोड मुलांना द्यायचे आपण ठरवले आहे, असे कळते. त्यांना जरूर पाठवावे, पाणी मिळेल, चहाही मिळेल. वरच्या गोष्टी करारात येईपर्यंत सही मिळणार नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या डिलाईल रोड, काळाचौकी, नायगाव, शिवडी, गिरगाव, माझगावच्या भाडेकरूंनो, तुमच्याही दारी असाच गुळगुळीत कागद येईल, आला असेल. संमतीपत्र घरी ठेवून घ्या, एकट्याने सही करू नका. चाळीची सभा बोलवा, करार वकिलाकडून वाचून घ्या, लग्न झालेल्या मुलांचे आणि विधवा सुनांचे नाव त्यात आहे का ते बघा. रिकामी केलेली खोली परत मिळत नाही. सही मागायला आलेल्याला पहिला प्रश्न विचारा, की या भागात राहणाऱ्या आणि इथेच काम करणाऱ्या माणसाला परवडेल अशी किती घरे तुम्ही बांधणार आहात, आणि त्याचे उत्तर लेखी घ्या.

आपली,
लालबागची एक भाडेकरू